थर्मल कॅमेरा, गवे आणि एक गार ट्रॉली

दाजीपूरच्या अलीकडच्या वळणावर माझ्या गाडीचा डावा आरसा मोडला. तो कशाला लागून मोडला, हे मोडल्यावर कळलं. गव्याच्या पायांना गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा रंग असतो. लो बीमच्या उजेडात मला ते चार-सहा पांढरे पट्टे दिसले होते, नाही असं नाही. पण रस्त्याकडेचे चुना फासलेले दगड असतील असं समजून मी तसाच पुढे आलो. मग दगड चालायला लागले. ब्रेक दाबत गाडी उजवीकडे ओढली आणि डाव्या अंगाला धप्पकन आवाज झाला. गवा होता तसाच चालत झाडीत शिरला. त्याला बहुतेक गोमाशी बसल्यासारखं वाटलं असावं. मी पुढे एका बंद टपरीच्या बाकड्यावर अर्धा तास बसून राहिलो. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन टनाच्या घरात जातं, आणि १९५८ साली या गव्यांसाठीच जाहीर झालेलं अभयारण्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे. म्हणजे त्याच्या अंगणातून मी चाललो होतो, तो माझ्या नव्हे.

आई कणकवलीजवळच्या गावात धाकट्या भावाकडे असते. मी कोल्हापूरला एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मेंटेनन्स बघतो. सुट्टी सोमवारची. रविवारी काम उरकून रात्री आठ-साडेआठला निघायचं, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत आईच्या अंगणात गाडी लावायची, हा महिन्यातून दोनदाचा शिरस्ता. बायको म्हणते, "अहो, सोमवारी पहाटे निघू या की." बरोबरच आहे तिचं. पण पहाटे निघालं की आईबरोबरची सकाळ जाते, आणि आईचं खरं बोलणं सकाळच्या चहालाच असतं.

माझं वय ५४. डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी मागच्याच वर्षी सांगितलं होतं, की मोतीबिंदूची सुरुवात आहे, ऑपरेशनची घाई नाही, पण रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास वाढत जाईल. तो वाढलाच होता. हल्ली ज्याला त्याला पांढरे एलईडी बसवायची हौस. समोरून अशी एक गाडी आली की पुढचे तीन-चार सेकंद माझ्यासाठी रस्ता नसतोच. आठवणीवर गाडी चालते.

आरसा मोडल्यावर मी एक साधा हिशोब कागदावर मांडला. ताशी ६० वेगाला गाडी सेकंदाला पावणेसतरा मीटर जाते. दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथंच गेले. पुढे थांबायला आणखी वीस-बावीस. म्हणजे ४५ ते ५० मीटर, तेही कोरड्या रस्त्यावर आणि बरे टायर असताना. ताशी ८० ला हाच आकडा ७० च्या पुढे जातो. आणि माझ्या गाडीचा लो बीम कामाचा उजेड देतो जेमतेम ५० मीटर. म्हणजे इतकी वर्षं मी दिव्याच्या पुढे गाडी पळवत होतो आणि समोर कुणी आलं नाही म्हणून वाचत होतो.

आमच्या फौंड्रीत हातात धरायचा, उष्णतेचं चित्र दाखवणारा थर्मल कॅमेरा आहे. पॅनेलमधलं ढिलं कनेक्शन, तापलेलं बेअरिंग, फर्नेसचं लायनिंग कुठं पातळ झालंय, हे त्यात दिसतं. एका संध्याकाळी लाईट गेलेली असताना मी तो सहज यार्डाकडे वळवला. वाळूच्या ढिगावर मांजर बसलं होतं. पन्नास पावलांवर, काळोखात, आणि स्क्रीनवर देवळातल्या समईसारखं लख्ख. तिथंच डोक्यात किडा शिरला. साहेबांना विचारून रविवारी तो कॅमेरा गाडीत घेतला, शहराबाहेर पडल्यावर काचेसमोर धरला, आणि स्क्रीनवर एक भूत माझ्याकडे बघत होतं. पांढरं कपाळ, डोळ्यांच्या जागी दोन काळे चौकोन. ते भूत मीच. काळे चौकोन म्हणजे माझा चष्मा.

रोज कॅमेरा हाताळणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. हा कॅमेरा उजेड बघतच नाही. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे जे अवरक्त किरण सोडते ते तो बघतो, साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीचे. आपल्या डोळ्याची हद्द पाऊण मायक्रॉनच्या अलीकडेच संपते. त्या किरणांना साधी काच म्हणजे भिंत. आरपार जात नाहीत, उलट थोडे परत फिरतात, म्हणून काचेत आपलंच तोंड दिसतं. याच कारणानं थर्मल कॅमेऱ्याची भिंग साध्या काचेची नसते, बहुतेक जर्मेनियमची असते, आणि गाडीवर तो काचेच्या बाहेरच लावावा लागतो. इथं निम्मा बाजार आपोआप बाद झाला, कारण 'नाइट व्हिजन' म्हणून जे काचेच्या आत चिकटवायला विकतात ते थर्मल नसतंच. मंद उजेडात जरा बरं चित्र देणारा साधा कॅमेरा तो. माझ्या भाच्यानं हौसेनं असला एक आणून दिला होता. समोरून एलईडीवाला आला की त्या कॅमेऱ्याचीही माझ्यासारखीच गत.

गाडीत थर्मल बसवायची कल्पना नवी नाही. अमेरिकेत कॅडिलॅकनं २००० सालच्या डी-व्हिल गाडीत ती दिली, २००५ च्या सुमारास बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजमध्ये आली. आपल्या खिशाशी त्या गाड्यांचा संबंध नाही. मी आधी स्वस्तातला मार्ग धरला आणि मोबाइलला जोडायचा छोटा थर्मल घेतला. तो बॉनेटवर बांधून बघितला तर चित्र धक्के खात येई. चौकशी केल्यावर कळलं की सेकंदाला नऊच चित्रं देतो. हे तंत्र लष्करी कामाचं असल्यानं निर्यातीवर निर्बंध असतात आणि नऊपर्यंतच्या कॅमेऱ्यांना त्यातून बरीच सूट मिळते, म्हणून स्वस्त माल बहुतेक नऊचा. पॅनेल बघायला नऊ भरपूर झाले. पण ताशी ६० ला दोन चित्रांच्या मध्ये गाडी जवळपास दोन मीटर पुढे गेलेली असते. चित्र मागे आणि आपण पुढे.

शेवटी गाडीसाठीच केलेला, सेकंदाला २५ चित्रांचा, ३८४ बाय २८८ ठिपक्यांचा कॅमेरा आणि पाच इंची स्क्रीन घेतली. एक लाखाच्या थोडी वर गेली. बायकोला मी ऐंशी सांगितले होते. हे लिहिलेलं ती वाचेल तेव्हा बघू. ३८४ ऐकायला फार कमी वाटतं, मोबाइलचा कॅमेरा कोटींत बोलतो. पण हिशोब केला तर या भिंगातून १०० मीटरवर एक ठिपका म्हणजे १३ सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावर उभा माणूस तेरा ठिपक्यांचा होतो. चेहरा नाही कळत, पण माणूस आहे हे कळतं. २०० मीटरवर सहा-सात ठिपके उरतात, तिथं माणूस की खांब हे तो हलल्यावरच समजतं. गवा मात्र २०० मीटरवरही गवाच दिसतो.

बसवायचं काम उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या वर्कशॉपांच्या वस्तीत केलं. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको, उद्यमनगरात चंद्रावर जायचं यान न्या, "बोल्ट कितीचा?" एवढंच विचारतात. आमचे फॅब्रिकेशनवाले मामा कॅमेरा हातात फिरवून म्हणाले, "ह्येला जाळीत बसवू. टपावर नको, झाडाची फांदी घेऊन जाईल. बंपरखाली बसवला तर चिखलच बघत बसेल." जागा जाळीत, नंबर प्लेटच्या वर ठरली. रेडिएटरची ऊब लागेल ही माझी शंका. मामांनी मागं दोन एमएमचा एसएस पत्रा आडवा घातला आणि हवा जायला दोन बोटं फट ठेवली. वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, रबरी बुचातून आत. वीज फ्यूज बॉक्समधून अशी घेतली की चावी फिरवली तरच चालू. गाडीची मूळ वायर एकही कापली नाही, याबाबत मी खमका राहिलो. वायरिंगवाल्या पोराचा हात दोनदा कटरकडे गेला होता.

मग कॅमेरा सरळ लावायचं काम. रात्री मोकळ्या मैदानावर ५० मीटरवर काहीतरी गरम ठेवायचं आणि ते स्क्रीनच्या मधोमध आणायचं. घरची तांब्याची कळशी, कढत पाण्यानं भरलेली, नेऊन ठेवली. स्क्रीनवर काही नाही. कॅमेरा वर केला, खाली केला, डावीउजवीकडे केला, काही नाही. मी विक्रेत्याला फोन लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, आजच चिंचेनं घासलीय, जरा जपून." तिथं ट्यूब पेटली. चकचकीत धातू कितीही तापलेला असू दे, स्वतःची उष्णता फेकायला फार कंजूस असतो. उलट समोरच्या थंड आभाळाचं प्रतिबिंब दाखवतो. म्हणून तर फौंड्रीत वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीचं, म्हणजे बसबारचं, तापमान बघताना आम्ही त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवतो. वीस वर्षं हे करतोय आणि मैदानावर विसरलो. डिकीतली टेप काढून कळशीला दोन वेढे दिले. ५० मीटरवर पांढरी शुभ्र पट्टी हवेत तरंगताना दिसली, कळशी नाहीच.

पहिल्या रविवारी निघालो तेव्हा डिसेंबर होता. थंडी म्हणजे या कॅमेऱ्याचं माहेर. सगळं गार, त्यात जे जिवंत ते उठून दिसतं. डांबर दिवसभराची ऊब धरून असतं म्हणून रस्ता करड्या रंगात फिकट पट्टीसारखा पुढे जातो, दोन्ही कडेचं गवत काळं. मी व्हाइट हॉट ठेवलं होतं, गरम ते पांढरं. उलटंही करता येतं, पण मग सगळी स्क्रीन पांढरीफटक होते आणि डोळे दिपतात. स्क्रीनचा उजेड अगदी तळाला नेऊन ठेवला, तरी पहिले दोन प्रवास जास्तच वाटला, म्हणून वर जुन्या एक्स-रेचा तुकडा चिकटवला. तो अजून तिथंच आहे.

त्या रात्री कळलं की या रस्त्यावर किती माणसं असतात. मी इतकी वर्षं समजत होतो की भोगावतीच्या पुढे रात्री नऊनंतर चिटपाखरू नसतं. उसाच्या बांधावर दोघं उकिडवे बसलेले, रात्रीच्या लाईटला पाणी पाजायला आलेले. पालाच्या बाहेर ऊसतोडीची टोळी, मधे विझत आलेली चूल, तिच्याभोवती सहा-सात पांढरे गोळे. पुढे एक बैलगाडी. तिला मागं दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, पण बैलांची पाठ, मान आणि चाकाचा गरम झालेला आस असं सगळं दीडशे मीटरवरून दिसत होतं. हेडलाइटमध्ये ती आली तेव्हा मी आधीच तिसऱ्या गिअरवर होतो. कुत्र्यांचं तर काय सांगू, प्रत्येक वाडीच्या तोंडाशी दोन. थर्मलमध्ये कुत्रा सगळा पांढरा आणि नाकाचा शेंडा तेवढा काळा, गार. बायकोला हे फार आवडलं. तिनं आपणहून स्क्रीनचं खातं स्वतःकडे घेतलं. "डावीकडे दोन, म्हशी वाटतात. उजवीकडे एक, सायकल. अहो, सायकल म्हटलं ना!"

ती सायकल सांगायलाच हवी. समोरून एलईडीवाला जीपडा आला, वर हाय बीम. मला नेहमीप्रमाणे सगळं पांढरं. थर्मलला त्याचं काही सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी दिवा म्हणजे दोन कोमट ठिपके. जीपच्या आणि माझ्या मधे, माझ्याच बाजूला, एक माणूस सायकल हातात धरून चालत होता, कॅरिअरला उसाच्या वाढ्याची पेंढी बांधलेली. डोळ्यांनी तो मला जीप निघून गेल्यावर दिसला. स्क्रीनवर त्याच्या किती तरी आधी. गव्यांसाठी घेतलेला कॅमेरा मला पहिल्यांदा कामी आला तो या माणसासाठी. त्याला यातलं काही माहीत नाही. शेजारून जाताना त्यानं माझ्याकडे जरा रागानंच बघितलं, इतकी सावकाश काय गाडी चालवताय म्हणून.

सुरुवातीला एक गोष्ट दचकवायची. दर काही मिनिटांनी जाळीतून बारीक 'टक' आवाज येतो आणि चित्र अर्धा सेकंद गोठतं. कॅमेऱ्यात एक छोटी झडप आहे. ती सेन्सरसमोर येते, सगळ्या ठिपक्यांना एकसारखी पाटी दाखवते आणि त्यांचा आपापसातला फरक कॅमेरा पुसून घेतो. हे होणारच, बंद करू नये. पण वळणावर नेमकं झालं की वाटतं, आत्ताच कशाला बाबा!

गवे जानेवारीत दिसले. दाजीपूर ओलांडल्यावर बायको एकदम गप्प झाली आणि तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. वरच्या उतारावर, झाडांच्या मागं, पांढरी मोठी ढेपं. मी गाडी थांबवली, हेडलाइट बंद करून पार्किंग आणि चारी इंडिकेटर लावले. दोन मिनिटं काही हललं नाही. मग पहिली गाय उतरली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आमच्याकडे बघत राहिली. मागून एकेक उतरत गेले. बायकोनं अकरा मोजले, मी बारा. एक वासरू आईच्या पोटाआड होतं त्यावरून अजून वाद आहे. काचेतून डोळ्यांना दिसत होता फक्त काळोख आणि त्यात इंडिकेटरच्या उजेडात मधूनच पेटणारी डोळ्यांची जोडी. शेवटचा नर गेल्यावरही मी स्क्रीनवर कडेची झाडी दोनदा चाळली आणि मगच निघालो.

त्याच रात्री फोंडा घाट उतरताना पुढे ट्रक होता. घाटात ब्रेक लागून लागून सगळ्या ट्रकांची चाकं स्क्रीनवर उजळतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. पण याची मागची डावी जोडी बाकीच्यांपेक्षा फारच पांढरी, भट्टीतून काढल्यासारखी. खाली फोंड्यात तो चहाला थांबला, मीही थांबलो. ड्रायव्हर बुवा आधी वैतागले, "तुम्हाला काय ठावं?" मी म्हटलं, बाटलीतले चार थेंब शिंपडा. चर्र झालं. ब्रेक धरून राहिला होता. चहाचे पैसे त्यांनी दिले.

इथवर सगळं गोड गोड. मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, 'आता रात्री मला सगळं दिसतं.' फेब्रुवारीत ते पुरतं उतरलं.

राधानगरीच्या अलीकडे, गावाचं नाव नको. हंगाम भरात होता. बायको त्या वेळी बरोबर नव्हती, त्यामुळे स्क्रीनही मी आणि रस्ताही मी. वेग ७० च्या आसपास, एरवी मी त्या पट्ट्यात ५५ ला असतो. स्क्रीनवर रस्त्याची फिकट पट्टी पुढे जाऊन संपत होती, मागं झाडी. मी मनात म्हटलं, वळण आहे. डाव्या कोपऱ्यात खाली एक बारीक पांढरा ठिपका होता. म्हटलं, मांजर असेल. आणि मग हेडलाइटमध्ये उसाचे शेंडे आले. रस्त्यावर लोंबणारे, माझ्या काचेच्या उंचीवर.

ब्रेकवर मी अक्षरशः उभा राहिलो. एबीएसनं पायाखाली खडखड केली, गाडीनं ट्रॉलीच्या मागं ठेवलेला पहिला दगड उडवला, दुसऱ्यावर बंपर टेकला आणि थांबली. कॅमेऱ्याच्या भिंगापासून उसापर्यंत हात लांब केला तर पोहोचला असता.

खाली उतरलो. पाय लटपटत होते म्हणून ट्रॉलीला धरलं, आणि धरल्यावर कळलं. ऊस गार होता. दव पडून ओला, गार, आसपासच्या हवेइतकाच. दुपारी एक्सल तुटला होता, ट्रॅक्टर सोडून नेला होता, ट्रॉली तिथंच उभी. चाकं थंड, लोखंड थंड, ऊस थंड. कॅमेऱ्यानं काही लपवलं नव्हतं. उसाची भिंत त्याला मागच्या झाडीसारखीच दिसली, कारण दोघांचं तापमान एकच होतं. जिथं रस्त्याची पट्टी 'संपली' होती तिथं रस्ता झाकला गेला होता, एवढाच त्याचा निरोप होता. त्याचं वळण मी केलं. डिसेंबरात बैलगाडी दीडशे मीटरवरून दिसली ती बैलांमुळे दिसली होती. गाडी मी कधी बघितलीच नव्हती.

तेवढ्यात ट्रॉलीखालून आवाज आला, "कोन हाय?" घोंगडं पांघरून एक म्हातारबा झोपले होते, उसाची राखण करायला. स्क्रीनवरचं मांजर म्हणजे त्यांचा चेहरा. लोकरीच्या घोंगड्यानं बाकीचा सगळा माणूस कॅमेऱ्यापासून झाकून टाकला होता. ते माझ्यावरच ओरडले, "दगुड ठेवल्यात, फांदी ठेवलीय, दिसंना व्हय तुमास्नी?" दगड आणि फांदी. आपल्याकडचा कायमचा धोक्याचा फलक. तोही गारच.

मी त्यांना म्हटलं, बाबा, इथं खाली झोपू नका, कडेला झोपा. ते म्हणाले, "कडंला दव पडतंय."

पुढचा सगळा रस्ता मी ४० नं गेलो. आईला काही बोललो नाही. सकाळी चहा पिता पिता तिनंच विचारलं, "बंपराला काय झालं रे?"

त्यानंतर माझी पद्धत बदलली. वेग ठरतो हेडलाइटवरून, तो कॅमेऱ्यावरून ठरवायचा नाही. स्क्रीनकडे बघायचं ते आरशाकडे बघतो तसं, एक नजर आणि परत रस्ता. एकटा असलो आणि रस्ता ओळखीचा नसला तर ती बंदच ठेवतो. रस्त्याची पट्टी कारण नसताना तुटलेली दिसली की ती काहीतरी झाकत आहे असंच धरायचं. हे शेवटचं फार कामाचं ठरलं. मार्चमध्ये आडवं पडलेलं झाड मी असंच ओळखलं.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊलाही डांबर इतकं तापलेलं असतं की त्यावर पसरलेलं कुत्रं त्याच रंगात मिसळून जातं. सबंध स्क्रीन मळकट. देवगडचा आंबा घेऊन वर येणाऱ्या पिकअपच्या रांगा असतात त्या दिवसांत, आणि नेमकं तेव्हाच हे यंत्र अर्ध्या ताकदीचं. पावसात आणखी वेगळं. जून सुरू झाला की सगळं एकाच ओल्या तापमानाला येतं, चित्रातली धार जाते. नुकती डबक्यातून उठलेली, चिखलानं माखलेली म्हैस काळी दिसते आणि तिच्या पाठीवरचा बगळा पांढरा. हे दृश्य मी एकदा बघितलंय आणि हसून घेतलंय. विरळ धुक्यात दिव्यांपेक्षा पुष्कळ पुढचं दिसतं. दाजीपुरात ढगच रस्त्यावर उतरतो तेव्हा मात्र दोघं सारखेच आंधळे. भिंगावर चिखल उडतो तो नुसत्या पाण्यानं धुवायचा, घासायचा नाही. वरचा लेप गेला तर भिंग गेली आणि भिंगेची किंमत विचारून मी फोन ठेवून दिला होता.

आता डिकीत लाल रिफ्लेक्टिव्ह टेपचं रीळ असतं. थर्मलला ती टेप दिसत नाही, ती दिसते साध्या हेडलाइटला, दोनशे मीटरवरून. या नोव्हेंबरात गाळप सुरू झालं तेव्हा एका कारखान्याच्या काट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मी गाडी कडेला लावली आणि शेवटच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवरची धूळ फडक्यानं पुसायला लागलो. ड्रायव्हर पोरगा विशीचा, कानात गाणी. आधी त्याला वाटलं आरटीओचा माणूस आहे. टेपेला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर मोकळा झाला. गाडीच्या जाळीतलं भिंग बघून म्हणाला, "काका, त्ये काय ओ?"

सांगितलं. आत बसवून स्क्रीनही दाखवली. रांगेतले ट्रॅक्टर बॉनेटसकट पांढरेधोप, त्यांच्यामागं ट्रॉल्या काळ्या. तो बराच वेळ स्वतःची ट्रॉली शोधत होता.

"दिसंना की हो. मग लाख रुपयं कशाला घातलासा? सगळ्यास्नी टेपच लावत सुटायची."

"गव्याला कुठं चिकटवू?"

तो खदाखदा हसला, उतरला, आणि फडकं माझ्या हातातून घेऊन स्वतःच दुसरी फळी पुसायला लागला.